अन्नपदार्थांतील अप्रकट घटक

कारखान्यात किंवा लहान उद्योगात तयार होऊन बाजारात येणाऱ्या अन्नपदार्थांत काही घटक असे असतात की, पदार्थाचे नाव, रूप वा चव यांवरून ते ओळखू येत नाहीत. त्यांना अप्रकट घटक म्हणता येईल. हिंगातील गव्हाचे पीठ, पांढऱ्या साखरेतील सल्फर डाय-ऑक्साइडाचा अंश, वनस्पती तुपातील तिळाचे तेल व मिठाईवरील लाखेचा लेप ही त्यांची परिचित उदाहरणे होत. अप्रकट घटक आणि भेसळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. भेसळ फसवणुकीच्या हेतूने वा निष्काळजीपणामुळे होते आणि ती कायद्याने दंडनीय आहे. अप्रकट घटक बहुधा कायद्याच्या मर्यादेत, उघड तांत्रिक कारणासाठी आणि कित्येकदा शासनाच्या आदेशानेच पदार्थात येतात. त्यांपैकी बहुतेक घटक सामान्य प्रकृतीच्या माणसाला अपायकारक नसतात. तथापि दमा, गव्हातील प्रथिन न सोसण्याचा विकार वा ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना, तसेच व्रत व धर्माचार पाळणाऱ्यांना त्यांची माहिती असणे आवश्यक ठरते.

प्रकार : पदार्थात येण्याच्या कारणांवरून या घटकांचे चार प्रकार करता येतात. (१) प्रक्रिया-साहाय्यके : रस निवळणे, रंग घालविणे, फेस आवरणे इत्यादींसाठी वापरलेली द्रव्ये. त्यांचा मोठा भाग प्रक्रियेत निघून जातो व अल्प अंश मागे राहतो. (२) वाहक व पूरक द्रव्ये : मूळ पदार्थ अतितीव्र किंवा महाग असल्यास तो ज्यात मिसळून विकतात ती पिठे, डिंक वा तेले. (३) टिकाऊपणा, रंग, स्वाद व पोत यांसाठी घातलेली समावेशक द्रव्ये : परिरक्षके, प्रतिऑक्सिडीकारके, पायसीकारके, स्वादवर्धके इत्यादी. (४) सार्वजनिक हितासाठी सक्तीने घातलेली द्रव्ये : मिठातील आयोडीन, वनस्पती तुपातील अ जीवनसत्त्व व खुणेचे तेल इत्यादी.

सोलापूर जिल्ह्याचे उदाहरण : या सर्व प्रकारांचा अभ्यास करण्यास महाराष्ट्रातील सोलापूर जिल्हा सोयीचा आहे. येथील पारंपरिक आहार रब्बी ज्वारीची भाकरी, डाळीचे वरण वा आमटी आणि शेंगदाण्याची चटणी असा आहे. मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी (एम ३५-१) हा ज्वारीचा वाण येथलाच, तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. भाकरीत ज्वारीचे पीठ व पाणी, तर चटणीत शेंगदाणे, मिरची, लसूण, जिरे व मीठ एवढेच पदार्थ असतात आणि ते सर्व खाणाऱ्याला माहीत असतात. याउलट त्याच स्वयंपाकघरातील साखर, गूळ, हिंग, मीठ व बेदाणे हे वरवर एकजिनसी दिसणारे पदार्थ प्रक्रियेतून आलेले असतात. साखर व बेदाणा यांच्या उत्पादनात हा जिल्हा राज्यात अग्रेसर असल्याने येथील रहिवासी अशा पदार्थांचे उत्पादक व ग्राहक दोन्ही आहेत.

साखर व गूळ : माळीनगर येथील सासवड माळी शुगर फॅक्टरी १९३२ साली स्थापन झाली. पुढे सहकारी कारखाने निघाले आणि १९८० मध्ये भीमा नदीवरील उजनी धरण पूर्ण झाल्यावर उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. भारतातील बहुतेक कारखाने उसाच्या रसापासून थेट पांढरी साखर करतात व त्यासाठी दुहेरी सल्फिटीकरणाची पद्धत वापरतात. रसात फॉस्फेटाचे प्रमाण कमी असल्यास प्रथम फॉस्फोरिक अम्ल घालतात. नंतर रस सु. ७०°–७५° से.पर्यंत तापवून त्यात चुन्याची निवळी आणि गंधक जाळून तयार केलेला सल्फर डाय-ऑक्साइड वायू सोडतात. यामुळे कॅल्शियम सल्फाइटाचा साका तयार होतो व तो रंगद्रव्ये आणि इतर अशुद्धी यांना आपल्याबरोबर तळाशी नेतो. निवळलेला रस आटवून झालेल्या पाकात पुन्हा सल्फर डाय-ऑक्साइड सोडतात. त्यामुळे पाकाचा रंग फिका होतो. शेवटी स्फटिकीकरण होऊन केंद्रोत्सारक यंत्रात साखर वेगळी होते. चुना व फॉस्फेट जवळजवळ पूर्णपणे गाळात निघून जातात. सल्फाइटाचा अल्प अंश मात्र स्फटिकांबरोबर राहतो. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार अशा साखरेत दर किग्रॅ. मागे ७० मिग्रॅ.पर्यंत सल्फर डाय-ऑक्साइड चालतो. परिष्कृत पांढऱ्या साखरेसाठी ही मर्यादा १५ मिग्रॅ. आहे. गंधकाचा वापर टाळून फॉस्फेटीकरण, आयन-विनिमय इ. पद्धतींनी परिष्कृत साखर करणारे कारखानेही आहेत.

पाश्चात्य देशांतील काही शुद्धीकरण कारखान्यांत पाकाचा रंग घालविण्यासाठी जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरीत आले आहेत. तो साखरेत उतरत नाही. परंतु प्रक्रियेत त्याचा संपर्क येत असल्याने काटेकोर शाकाहारी व्यक्ती तशी साखर वर्ज्य मानतात. सल्फिटीकरण पद्धतीत या कोळशाचा वापर नसतो.

गूळ हा प्रक्रिया न केलेला पदार्थ आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात गुऱ्हाळात काहिलीतील रस निवळण्यासाठी भेंडीच्या खोडाचा व मुळाचा चिकट रस, चुन्याची निवळी किंवा सोडा घालतात. काही ठिकाणी या कामी शेंगदाण्याचे वा एरंडाच्या बियांचे दूध वापरण्याची रीत आहे. उकळताना येणारा फेस बसविण्यासाठी थोडे तेलही घालतात. वनस्पतिज निवळके रसातील अशुद्धीबरोबर मळीच्या रूपात वर येतात व ती काढून टाकली जाते. ग्राहक पिवळाधमक गूळ पसंत करीत असल्याने रंग फिका करण्यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट (बाजारी नाव ‘हायड्रॉस’) वापरले जाते. त्यामुळे अशा गुळातही सल्फाइटाचा अंश राहतो. तांबूस काळपट रंग हा गुळाचा दोष नसून रंगनाशक न वापरल्याचे ते पुष्कळदा लक्षण असते. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्याच्या दृष्टीने निवळकाची माहिती महत्त्वाची आहे. तथापि सुट्या गुळाच्या ढेपेवर ती मिळण्याची सोय नसते.

बेदाणे : सांगली, सोलापूर व नासिक या जिल्ह्यांत द्राक्षांपासून बेदाणे तयार करतात. द्राक्षाच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असल्याने ती लवकर वाळत नाहीत. म्हणून घड प्रथम पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या पाण्यातील मिश्रणात बुडवितात. दर लिटर पाण्यात सु. २५ ग्रॅ. कार्बोनेट व १५ मिली. एथिल ओलिएट असे हे प्रमाण असते. मेणाचा थर सैल झाल्याने जाळ्यांच्या मांडवात, सावलीत द्राक्षे वाळतात. सोनेरी वा हिरवट पिवळा रंग टिकविण्यासाठी त्यांना गंधकाची धुरी देतात. धुरीतील सल्फर डाय-ऑक्साइड द्राक्षातील एंझाइमांना रोखतो, त्यामुळे फळ काळे पडत नाही व त्यास बुरशीही लागत नाही. धुरी न दिलेले काळे बेदाणे या घटकापासून बहुधा मुक्त असतात.

सल्फाइटाच्या बाबतीत साखर व बेदाणे यांची तुलना उद्‌बोधक आहे. आंतरराष्ट्रीय तज्ञ समितीने सल्फाइटाच्या दैनिक सेवनाची मर्यादा शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे ०·७ मिग्रॅ. ठरविली होती, म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस ती ४२ मिग्रॅ. येते. दर किग्रॅ. ७० मिग्रॅ. सल्फर डाय-ऑक्साइड असलेल्या २० ग्रॅ. साखरेतून जेमतेम १·४ मिग्रॅ. पोटात जातो. धुरी दिलेल्या बेदाण्यांसाठी कोडेक्स मानकाची कमाल मर्यादा दर किग्रॅ. १,५०० मिग्रॅ. आहे, या कमाल प्रमाणाचे ३० ग्रॅ. बेदाणे खाल्ल्यास ४५ मिग्रॅ., म्हणजे दिवसाच्या मर्यादेहून अधिक सल्फर डाय-ऑक्साइड मिळेल. २० किग्रॅ. वजनाच्या मुलाच्या बाबतीत ही मर्यादा सु. ९ ग्रॅ. बेदाण्यांतच गाठली जाते. प्रत्यक्षातील प्रमाण बहुधा कमी असते आणि साठवणीत व शिजविताना ते आणखी घटते. तरीही दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटामुळे श्वासनलिका आकुंचन पावून धाप लागते. अशा रुग्णाने संशय साखरेवर घेण्यापेक्षा बेदाणे, जर्दाळू, सुकविलेली इतर फळे व परिरक्षित सरबते यांवर प्रथम घ्यावा, असे या आकड्यांवरून दिसते.

हिंग : फेरुला प्रजातीच्या वनस्पतींच्या मुळांतून स्रवणारा डिंकयुक्त राळेसारखा पदार्थ म्हणजे हिंग. तो मुख्यत्वे अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान या देशांतून येतो. भारतात त्याच्या लागवडीचा प्रारंभ ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात झाला. शुद्ध हिंगाचा दर्प अतिशय उग्र असल्याने तो नित्याच्या फोडणीत वापरणे कठीण जाते. म्हणून त्यात बाभळीच्या वर्गातील वृक्षांचा खाद्य डिंक आणि गव्हाचे, मैद्याचे वा तांदळाचे पीठ मिसळून बांधानी हिंग तयार करतात. किराणा दुकानात ‘हिंग’ म्हणून मिळणारा पदार्थ बहुतेक वेळा हाच असतो. त्यातील अल्कोहॉलात विद्राव्य भाग, म्हणजे मोठ्या प्रमाणात खरी राळ, किमान ५% असावा असे भारतीय मानक आहे. शुद्ध हिंगासाठी हे प्रमाण याहून अधिक आहे. अशा रीतीने कायदेशीर बांधानी हिंगाचा बराच मोठा भाग पीठ व डिंक यांचा असू शकतो.

सीलिॲक रोगात ग्लुटेन या गव्हातील प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते व त्यावर ग्लुटेन आजन्म वर्ज्य करणे हाच उपाय आहे. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने सोलापूरकडील भाकरीचा आहार अशा रुग्णास अनुकूल असतो. परंतु त्याच ताटातील वरणाच्या फोडणीतून गहू नकळत पोटात जाऊ शकतो. पापड, लोणची, मसाले व चिवडा यांत हिंग हा घटकाचा घटक म्हणून येत असल्याने त्यातील गहू आणखी एक पायरी दूर जातो. आषाढी व कार्तिकी एकादशीस पंढरपूरला जमणाऱ्या आणि उपवासास धान्य वर्ज्य मानणाऱ्या भाविकांच्या दृष्टीनेही ही बाब विचारात घेण्याजोगी आहे. हिंग पाण्यात कालवून त्यात आयोडिनाच्या अर्काचे थेंब टाकल्यास निळा रंग येतो. त्यावरून स्टार्च असल्याचे कळते. मात्र तो गव्हाचा की तांदळाचा हे समजत नाही. त्यासाठी वेष्टनावरील माहितीच पाहावी लागते.

वनस्पती तूप : द्रवरूप तेलांचे निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनीकरण करून वनस्पती तूप तयार होते. भारतात १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आल्यानंतर त्याचा प्रसार झाला व साजूक तुपात त्याची भेसळ होऊ लागली. ही भेसळ डोळ्यांनी वा चवीने ओळखणे अवघड होते. म्हणून वनस्पती तुपात किमान ५% तिळाचे तेल घालण्याचा नियम करण्यात आला. तिळाच्या तेलातील विशिष्ट संयुगांमुळे हायड्रोक्लोरिक अम्ल व फुरफुराल यांच्याशी त्याची विक्रिया होऊन लाल रंग येतो. यास बोदुअँ परीक्षा म्हणतात. मूळ परीक्षेत फुरफुरालाऐवजी साखरच वापरीत. साजूक तुपाच्या नमुन्यास हा रंग आला, तर त्यात वनस्पती मिसळल्याचे सिद्ध होई. अशा प्रकारे एका पदार्थातील अप्रकट घटक हा दुसऱ्या पदार्थाच्या शुद्धतेचा रक्षक झाला. मात्र साध्या तेलाची वा अन्य चरबीची भेसळ या परीक्षेने कळत नाही.

या घटकाला दुसरी बाजूही आहे. काही व्यक्तींना तिळाची ॲलर्जी असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख वेष्टनावर अनिवार्य झाला. भारताच्या २०२० च्या नियमांतील ॲलर्जीकारकांच्या यादीत तिळाचा समावेश नव्हता. अंशतः हायड्रोजनीकरणाने निर्माण होणारी ट्रान्स-मेदाम्ले हृदयविकारास पोषक ठरतात. हीदेखील खाणाऱ्याला न दिसणारीच बाब होय. भारतात तेल व मेद यांतील त्यांची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २% करण्यात आली.

मीठ : गलगंड व आयोडिनाच्या कमतरतेमुळे होणारे इतर विकार टाळण्यासाठी मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. आयोडीनरहित मिठाच्या थेट मानवी सेवनासाठी विक्रीस २००६ साली देशभर बंदी घालण्यात आली. ग्राहकाच्या हाती पडताना दर किग्रॅ. मिठात किमान १५ मिग्रॅ. आयोडीन असावे लागते. मीठ दमट हवेत मोकळे राहावे म्हणून सिलिकॉन डाय-ऑक्साइड, मॅग्नेशियम कार्बोनेट किंवा फेरोसायनाइड वर्गातील लवणे घालतात. फेरोसायनाइड या नावामुळे भीती निर्माण होते. परंतु त्यातील सायनाइड लोहाशी इतके घट्ट बांधलेले असते की, पचनक्रियेत ते विषारी स्वरूपात मोकळे होत नाही. शिवाय त्याचे अनुज्ञेय प्रमाण दर किग्रॅ. मागे १० मिग्रॅ. एवढेच असते. घटकाच्या नावावरून त्याच्या घातकतेचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

प्राणिज घटक : काही अप्रकट घटकांचा प्रश्न आरोग्यापेक्षा आचाराशी अधिक निगडित असतो. जिलेटीन हे जनावरांची हाडे व कातडी यांपासून मिळते व ते मऊ गोळ्या आणि औषधी कॅप्सूल यांत वापरतात. चीजसाठी दूध साकळविणारे रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढीत. आता सूक्ष्मजीवांपासून मिळविलेली एंझाइमे मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. कार्माइन हा लाल रंग कोचिनियल या किड्यांपासून मिळतो. मिठाई व गोळ्यांना चकाकी आणणारी शेलॅक ही लाखेच्या किड्याच्या स्रावापासून करतात. मिठाईवरील चांदीचा वर्ख परंपरेने जनावरांच्या कातड्याच्या वा आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटीत. वर्खाच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिज पदार्थ नसावा, असा नियम २०१६ मध्ये करण्यात आला.

झटपट शेवया व बटाट्याचे वेफर यांत स्वादवर्धक म्हणून डायसोडियम इनोसिनेट (क्रमांक ६३१) वापरतात. ते मांस वा मासे यांपासून मिळते, तसेच स्टार्चाच्या किण्वनानेही तयार करता येते. क्रमांकावरून मात्र त्याचा उगम कळत नाही. राम गौ रक्षा दल या संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, घटकाचा केवळ क्रमांक देणे पुरेसे नाही. तो वनस्पतिज, प्राणिज की प्रयोगशाळेत तयार केलेला आहे हे प्रमाण कितीही अल्प असले तरी सांगितले पाहिजे. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू भाषिकांच्या आणि वारकरी, लिंगायत, जैन, मुस्लिम इ. समाजांच्या सोलापूरसारख्या शहरात एकाच दुकानातील एकच पुडा भिन्न आहारनियमांच्या घरांत जातो. त्यामुळे या प्रश्नाला विशेष महत्त्व येते.

कायदा व वेष्टनावरील माहिती : अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली संमत झाला. त्याची जागा अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली व त्याखालील नियम ऑगस्ट २०११ पासून अंमलात आले. वेष्टित पदार्थावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ग्लुटेनयुक्त तृणधान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, भुईमूग व कवचफळे, सोयाबीन आणि दर किग्रॅ. १० मिग्रॅ. वा अधिक सल्फाइट यांचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक असतो. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवे वर्तुळ असते. मांसाहारी पदार्थासाठी २००१ पासून तपकिरी वर्तुळ होते. २०२० च्या नियमांनी त्याऐवजी त्रिकोण आणला. मात्र कायद्यातील मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दूध, मध, मधमाश्यांचे मेण व शेलॅक वगळलेली आहेत. त्यामुळे लाखेचा लेप असलेली गोळी हिरव्या खुणेस पात्र ठरते.

या तरतुदींतूनही काही घटक अप्रकट राहतात. प्रक्रिया-साहाय्यके यादीत देण्याची सर्वसाधारणपणे आवश्यकता नसते. कच्च्या मालाबरोबर आलेली आणि अंतिम पदार्थात कार्य करण्याइतकी नसलेली समावेशक द्रव्येही वगळता येतात. संयुक्त घटक एकूण पदार्थाच्या ५% पेक्षा कमी असल्यास, समावेशक द्रव्ये सोडून, त्याचे उपघटक दिले नाहीत तरी चालते. वेष्टनाचे क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी. पेक्षा अधिक नसल्यास घटकांची यादी त्यावर छापण्यापासून सूट मिळते. सुट्या पदार्थांवर तर यादी नसतेच. रोजच्या मजुरीवर थोडाथोडा किराणा घेणारी कुटुंबे लहान पुड्या व सुटा माल यांवरच प्रामुख्याने अवलंबून असतात. त्यामुळे कायद्याने दिलेल्या माहितीचा लाभ त्यांना सर्वांत कमी मिळतो.

ज्यास विशिष्ट घटक वर्ज्य आहे, त्याने पदार्थाच्या नावावर किंवा हिरव्या खुणेवर विसंबून न राहता यादीतील वर्गनाम, क्रमांक व ॲलर्जीविषयक ओळ वाचणे आवश्यक असते. सुट्या मालाच्या बाबतीत विक्रेत्याकडे उत्पादनाच्या पद्धतीची विचारणा करणे आणि हिंग, मसाले, बेदाणे यांसारखे पदार्थ शक्यतो यादी छापलेल्या मोठ्या वेष्टनात घेणे हे उपाय उपलब्ध आहेत. बांधानी हिंगात गव्हाऐवजी तांदळाचे पीठ, बेदाण्यांत धुरी न दिलेला प्रकार आणि गुळात रंगनाशक न वापरलेला गडद गूळ असे पर्याय बाजारात मिळतात. त्यांना मागणी वाढल्यास उत्पादनाच्या पद्धतीही त्यानुसार बदलतात. कारण साखर, गूळ व बेदाणे यांतील गंधकाचा वापर हा मुख्यतः ग्राहकाच्या फिक्या व चमकदार रंगाच्या आवडीमुळे रूढ झालेला आहे.